कळपाला विचारायचा प्रश्न: शेळ्यांमधील क्षयरोगाची त्वचाचाचणी

शेळीच्या मानेवरचे केस तळहाताएवढ्या जागेत कातरायचे, तिथल्या कातडीची घडी धरून कॅलिपरने तिची जाडी मोजायची आणि लिहून ठेवायची, त्वचेच्या थरातच राहील अशा बेताने ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून मिळवलेली प्रथिने, टोचायचे आणि ७२ तासांनी परत येऊन तीच घडी पुन्हा मोजायची. क्षयरोगाच्या त्वचाचाचणीची कृती एवढीच आहे. मात्र या चाचणीकडून आपण जे उत्तर मागतो, ते बहुतेक वेळा तिला नीट देता येत नाही. शेळीपालक विचारतो, 'माझ्या या शेळीला क्षय आहे का?' विकत घेणाराही तेच विचारतो, आणि प्रमाणपत्रावर सही करणारा पशुवैद्यक त्याच प्रश्नाचे उत्तर देतो. चाचणीला खात्रीने सांगता येते ती वेगळी गोष्ट आहे, आणि ती म्हणजे या कळपात क्षयाचा शिरकाव झाला आहे की नाही.

माझे म्हणणे असे आहे की ज्या शेळ्या गाईम्हशींच्या सोबत राहतात, ज्यांचे दूध न तापवता लोकांपर्यंत जाते किंवा ज्या कळपांतून पैदाशीसाठी जनावरे विकली जातात, तिथे त्वचाचाचणी नियमित आणि सक्तीची असावी. परंतु तिचा निकाल एकेका शेळीवर शिक्का मारण्यासाठी न वाचता कळपाचे निदान करण्यासाठी वाचावा, आणि त्या निदानापायी जी जनावरे काढून टाकावी लागतील त्यांची भरपाई सार्वजनिक पैशातून व्हावी. यांपैकी सक्ती तेवढी उचलली आणि बाकीच्या दोन अटी सोडून दिल्या, तर चाचणी न केलेली बरी, असे म्हणण्याची वेळ येते.

शेळीला क्षय होत नाही, हा समज फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाईच्या दुधातून क्षय पसरतो हे लोकांच्या लक्षात येऊ लागले, तेव्हा शेळीचे दूध निर्धोक म्हणून त्याची शिफारस होत असे. समजाचे मूळ कळण्यासारखे आहे. शेळ्या मोकळ्यावर हिंडत, लहान संख्येने असत, फार वर्षे जगत नसत आणि त्यांची तपासणीही क्वचितच होई. पण मोकळ्या रानात हिंडणारी शेळी आणि बंदिस्त वाड्यात शेकडोंनी दाटीवाटीने राहणारी दुभती शेळी यांच्या वाट्याला येणारी हवा एक नसते. गुरांमध्ये क्षय निर्माण करणारा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस शेळीला सहज होतो. शिवाय त्याच कुटुंबातील एका जंतूला शेळीचेच नाव मिळाले आहे. स्पेनमधील शेळ्यांमध्ये आढळलेल्या या प्रकाराचे वेगळेपण १९९९ मध्ये मांडले गेले आणि २००३ मध्ये त्याला मायकोबॅक्टेरियम कॅप्री अशी स्वतंत्र जात मानावे, असा प्रस्ताव आला. हा जंतू गाईगुरांतही आढळतो, रानडुक्कर आणि हरणांतही आढळतो, आणि माणसालाही होतो.

शेळीच्या क्षयाचे एक वैशिष्ट्य या चर्चेत पुरेसे मांडले जात नाही. तिच्या फुप्फुसातील गाठी अनेकदा आतून विरघळतात आणि त्यांच्या पोकळ्या बनतात. माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयातही असेच घडते, आणि म्हणूनच माणसासाठीच्या लसींच्या अभ्यासात शेळी हा उपयुक्त प्राणी मानला जातो. अशी पोकळी श्वासनलिकेत उघडली, की त्या शेळीच्या प्रत्येक खोकल्याबरोबर जंतू बाहेर पडतात. करडांना मात्र आणखी एका वाटेने रोग मिळू शकतो. अनेक शेळ्यांचा चीक किंवा दूध एकत्र करून सर्व करडांना पाजण्याची पद्धत मोठ्या कळपांत सोयीची असते, पण त्यांतील एका शेळीच्या कासेत रोग असेल तर एकाच भांड्यातून तो साऱ्या पिढीला वाटला जातो. आणि इतके होऊनही कळप वरवर धडधाकट दिसत राहतो, कारण वजन घटणे, खोकला, दूध कमी होणे ही लक्षणे उशिरा येतात आणि ती दहा इतर कारणांनीही येतात. लक्षणांची वाट पाहणाऱ्याला हा रोग कळतो तेव्हा तो कळपात बराच काळ मुरलेला असतो.

गुरांच्या बाबतीत हा धडा शिकायला जगाला वेळ लागला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते फसले. पण रोगी जनावराला ते टोचले की ताप चढतो, हे पशुवैद्यकांच्या ध्यानात आले आणि फसलेल्या औषधातून शतकभर टिकलेली चाचणी निघाली. डेन्मार्कमध्ये पशुवैद्यक बर्नहार्ड बँग यांनी १८९० च्या दशकात तिच्या आधारे कळपाचे दोन भाग करण्याची पद्धत बसवली. प्रतिक्रिया देणारी गुरे एकीकडे, न देणारी दुसरीकडे, आणि वासरे आईपासून दूर करून तापवलेल्या दुधावर वाढवायची. पुढे १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत खुद्द कॉख यांनी गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही असे मत मांडले, तेव्हा ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने दहा वर्षे काम करून १९११ च्या अंतिम अहवालात ते चुकीचे असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर अनेक देशांत गुरांची नियमित तपासणी उभी राहिली. शेळ्या मात्र त्या व्यवस्थेच्या कडेला राहिल्या. युरोपीय संघाच्या नियमांत गाईंबरोबर ठेवलेल्या शेळ्यांचे कच्चे दूध वापरायचे असेल तर त्यांची क्षयासाठी तपासणी आवश्यक आहे, परंतु गुरांसाठी जशी नियमित, सर्वदूर तपासणी चालते तशी ती शेळ्यांसाठी बहुतेक ठिकाणी नाही. गुरांचा गोठा वर्षानुवर्षे तपासून स्वच्छ करायचा आणि त्याच्या शेजारच्या वाड्याकडे पाहायचेच नाही, याला रोगनिर्मूलन म्हणता येत नाही.

आता चाचणीच्या मर्यादांकडे येऊ, कारण माझा सारा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे. ट्युबरक्युलिन म्हणजे जंतूंच्या वाढीतून मिळवलेली शुद्ध प्रथिने. ज्या शेळीच्या पेशींनी हा जंतू आधी पाहिला आहे, तिच्या त्वचेत त्या पेशी टोचलेल्या जागी गोळा होतात आणि दोनतीन दिवसांत तिथे सूज येते. म्हणजे चाचणी जंतू शोधत नाही. शरीराची जंतूशी ओळख झाली आहे का, एवढेच ती पाहते. नुकत्याच संसर्ग झालेल्या शेळीत ही ओळख पक्की व्हायला काही आठवडे लागतात, तोवर चाचणी गप्प राहते. दुसऱ्या टोकाला, रोगाने पोखरून टाकलेल्या शेळीची प्रतिकारव्यवस्था इतकी थकलेली असू शकते की सूज येतच नाही. नुकतीच व्यालेली शेळी, स्टिरॉइड दिलेली शेळी, दुसऱ्या आजाराने खंगलेली शेळी यांच्या बाबतीतही खोटा नकार येऊ शकतो. सर्वांत जास्त जंतू पसरवणारी शेळीच चाचणीतून निर्दोष सुटू शकते, ही गोष्ट शेळीपालकाला कोणी स्पष्टपणे सांगत नाही, आणि सांगायला हवी.

थोडे गणित करून पाहू. समजा एका चाचणीची पकड अशी आहे की संसर्ग झालेल्या १०० शेळ्यांपैकी ७० ती ओळखते आणि ३० निसटतात. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे, कारण प्रत्यक्षात तो कळप, जागा आणि पद्धत यांनुसार बराच बदलतो. ५० शेळ्यांच्या कळपात ५ बाधित आहेत असे धरा. पाचही शेळ्या चाचणीतून निसटण्याची शक्यता ०.३ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे १,००० मध्ये जेमतेम २ ते ३ इतकी आहे. याउलट पाचही शेळ्या पकडल्या जाण्याची शक्यता ०.७ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे साधारण १७ टक्के. याचा अर्थ असा, की या कळपात रोग आहे हे चाचणी जवळजवळ खात्रीने सांगेल, आणि त्याच दिवशी किमान एक बाधित शेळी 'निरोगी' म्हणून कळपात परत पाठवण्याची शक्यता ८३ टक्के असेल. एकाच चाचणीचे हे दोन चेहरे आहेत. कळपाबद्दल ती भरवशाची आहे आणि शेळीबद्दल नाही.

बाधित कळपातील 'नकारात्मक' शेळीला रोगमुक्त समजून विकणे ही म्हणूनच मला या क्षेत्रातील सर्वांत धोक्याची चूक वाटते. कळपात एकदा रोग सिद्ध झाला की उरलेल्या प्रत्येक शेळीकडे संशयानेच पाहावे लागते, आणि दीडदोन महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा संपूर्ण कळपाची चाचणी घेऊन, लागोपाठच्या फेऱ्यांत एकही प्रतिक्रिया येईनाशी झाल्यावरच कळपाला मोकळे म्हणता येते. इथेही वरचे गणित एका बाबतीत फसवे आहे. दुसऱ्या फेरीत उरलेल्या शेळ्यांपैकी पुन्हा ७० टक्के सापडतील असे ते सुचवते, पण जी शेळी रोगाने थकल्यामुळे प्रतिक्रिया देत नाही ती दहाव्या फेरीतही देणार नाही. तिला पकडायला वेगळी चाचणी लागते.

या युक्तिवादाची दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चाचणी १०० निरोगी शेळ्यांपैकी ९८ ना बरोबर निरोगी ठरवते असे समजू. ऐकायला हे उत्तम वाटते, पण ५० शेळ्यांच्या पूर्ण निरोगी कळपात सरासरी एक शेळी खोटी सकारात्मक निघेल, आणि अशा तीन निरोगी कळपांपैकी जवळपास दोन कळपांत किमान एका शेळीवर सूज दिसेल. कळपातील एक शेळी सुजली म्हणून सारा कळप रोगी, असा नियम केला तर निरोगी कळपांचाच बळी जाईल. कळपाचे निदान करायचे म्हणजे किती शेळ्यांना सूज आली, ती केवढी होती, त्या शेळ्या कुठून आल्या होत्या, शेजारी गुरे कोणती आहेत, हे सारे एकत्र पाहणे. पन्नासांत एक शेळी आणि तिची सूज सीमारेषेवरची, कळपात बाहेरून जनावर आलेले नाही, तर ती एक शेळी वेगळी ठेवून पुन्हा तपासायची किंवा भरपाई देऊन तिचे शवविच्छेदन करायचे. पन्नासांत सहा शेळ्या, आणि बोटाला जाणवेल अशी घट्ट सूज, तर चर्चेला जागा उरत नाही.

खोट्या सुजेची कारणे शेळीत विशेष आहेत. पक्ष्यांमध्ये क्षय निर्माण करणारा जंतू, माती-पाण्यातील त्याचे निरुपद्रवी नातलग आणि मुख्य म्हणजे आतड्याचा जोन्स रोग, अर्थात पॅराट्युबरक्युलोसिस, हे सारे शेळीच्या शरीराला जवळपास तीच ओळख करून देतात. जोन्स रोगाची लस दिलेल्या कळपात तर हा घोळ वाढतोच. यावर उपाय म्हणून मानेवर दोन ठिकाणी टोचतात, एकीकडे गुरांच्या जंतूचे ट्युबरक्युलिन आणि दुसरीकडे पक्ष्यांच्या जंतूचे, आणि दोन्ही सुजांतील फरक पाहतात. या तौलनिक चाचणीने खोटे सकारात्मक कमी होतात. परंतु ज्या कळपात क्षय आणि जोन्स रोग दोन्ही आहेत, तिथे पक्ष्यांच्या बाजूची सूज खऱ्या क्षयाची सूज झाकून टाकते आणि बाधित शेळ्या निसटतात. कोणती पद्धत चांगली, या वादाला म्हणून एकच उत्तर नाही. रोगाचा इतिहास नसलेल्या कळपात तौलनिक चाचणी योग्य, कारण तिथे निरोगी जनावर वाचवणे महत्त्वाचे असते. रोग सिद्ध झालेल्या कळपात साधी, एकट्या ट्युबरक्युलिनची चाचणी कडक निकष लावून घ्यावी, कारण तिथे एकही बाधित शेळी मागे राहता कामा नये. हा निर्णय कळपाचा इतिहास पाहून घ्यायचा असतो आणि तो नियमावलीत स्पष्ट लिहिलेला असावा. प्रत्येक वेळी मालकाच्या किंवा तपासणाऱ्याच्या सोयीवर तो सोडू नये.

कृतीतील हलगर्जीपणा हा स्वतंत्र विषय आहे. गुरांसाठीचे जे निकष सामान्यतः शेळ्यांनाही लावले जातात, त्यांत घडीची जाडी २ मिलिमीटरपर्यंत वाढली तर नकारात्मक, ४ मिलिमीटर किंवा अधिक वाढली तर सकारात्मक आणि मधले संशयास्पद असे धरतात. शेळीची त्वचा पातळ असते. सुई जरा खोल गेली तर औषध त्वचेखाली उतरते आणि सूज येत नाही. जरा वर राहिली तर ते बाहेर सांडते. ज्या निकालात २ आणि ४ मिलिमीटरच्या फरकावर जनावराचे आयुष्य ठरते, तो लांबून नजर टाकून देणे हा अपराध आहे. पहिल्या दिवशीचे माप नोंदलेले नसेल तर तिसऱ्या दिवशीच्या मापाला अर्थच उरत नाही. ट्युबरक्युलिन थंड जागी न ठेवता उन्हात फिरवले तर सारी मेहनत वाया जाते. आणि तपासनिसाची दुसरी फेरी हा खर्चातला सर्वांत जड भाग असल्यामुळे तोच आधी कापला जातो.

याहून कठीण प्रश्न माणसांच्या वागण्याचा आहे. एकदा ट्युबरक्युलिन टोचल्यावर काही आठवडे शरीराची प्रतिक्रिया मंदावते, म्हणूनच दोन चाचण्यांमध्ये सहा आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत अंतर ठेवतात. गुरांच्या व्यापारात या मंदावण्याचा गैरफायदा घेतला गेला आहे: विक्रीआधी गुपचूप ट्युबरक्युलिन टोचायचे, म्हणजे अधिकृत चाचणीत जनावर स्वच्छ निघते. लोक असे का करतात याचा विचार न करता शिक्षा वाढवत जाणे सोपे असते. ज्याच्याजवळ वीस शेळ्या आहेत आणि त्यांवर घर चालते, त्याच्या पाच शेळ्या भरपाईशिवाय काढून घेणारी व्यवस्था त्याला खोटे वागायला भाग पाडते. तपासनीस येणार अशी कुणकुण लागताच संशयित शेळी बाजारात जाते, आणि एका वाड्यात अडकलेला रोग पाच वाड्यांत पोहोचतो. भरपाईला दया किंवा मदत समजणे चूक आहे. चाचणीच्या खऱ्या निकालासाठी समाजाने मोजायची ती किंमत आहे, आणि ती बाजारभावाने व वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग. जिथे शासनाकडे तेवढे पैसे खरोखरच नाहीत, तिथे बँग यांच्या धर्तीवर कळप विभागणे हा दुय्यम मार्ग उरतो. परंतु शेळीच्या फुप्फुसातील पोकळ्या लक्षात घेता, मध्ये नुसती ताटी उभारून ही विभागणी होत नाही. दोन्ही गटांची हवा, पाणी, भांडी आणि सांभाळणारी माणसेही वेगळी लागतात, करडे जन्मतःच दूर करावी लागतात, आणि हे लहान मालकाला क्वचितच परवडते.

दूध उकळले किंवा पाश्चरीकरण केले की प्रश्न मिटतो, मग चाचणीचा एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. दुधापुरते ते खरे आहे. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशाला १५ सेकंद तापवलेल्या दुधात हे जंतू जगत नाहीत, आणि तापवलेल्या दुधाचा आग्रह धरलाच पाहिजे. पण तापवलेले दूध पिणाऱ्याचे रक्षण करते. पहाटे बंद वाड्यात धारा काढणाऱ्या बाईचे, करडांत खेळणाऱ्या मुलाचे, शेळी कापणाऱ्या खाटकाचे रक्षण ते करत नाही. शिवाय मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा पायराझिनामाइड या क्षयाच्या एका मुख्य औषधाला मुळातच दाद देत नाही, आणि नेहमीच्या तपासण्यांत माणसाच्या क्षयाचा जंतू आणि हा जंतू यांत सहसा भेद केला जात नाही. ज्या घरात शेळ्या आहेत तिथे क्षयाचा रुग्ण आढळला तर शेळ्या तपासायच्या आणि कळपात क्षय आढळला तर घरातील माणसे तपासायची, एवढी साधी देवाणघेवाण मानवी आरोग्य खाते आणि पशुवैद्यकीय खाते यांच्यात असायला हवी.

वेगळ्या चाचण्यांचा उल्लेख वर आला आहे. रक्त प्रयोगशाळेत ट्युबरक्युलिनसोबत ठेवून, जंतूशी ओळख झालेल्या पेशी सोडतात ते इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य मोजण्याची चाचणी संसर्ग लवकर पकडते आणि तिच्यासाठी तिसऱ्या दिवशी परत यावे लागत नाही. मात्र रक्त ताजे असतानाच प्रयोगशाळेत पोहोचावे लागते. प्रतिपिंडांची चाचणी सुरुवातीच्या रोगात कमी पडते, पण रोगाने थकलेल्या, त्वचेवर गप्प राहणाऱ्या शेळ्या तिला सापडतात. त्वचाचाचणीनंतर दोनचार आठवड्यांनी रक्त घेतले तर तिची पकड आणखी वाढते, कारण टोचलेले ट्युबरक्युलिनच प्रतिपिंडांना चालना देते. बाधित कळपात या दोन चाचण्या एकमेकींची उणीव भरून काढतात, म्हणून तिथे दोन्ही कराव्यात. बीसीजी लसीने शेळ्यांतील रोगाची तीव्रता घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे, परंतु लस दिलेली शेळी नेहमीच्या ट्युबरक्युलिनला सुजते. बीसीजीच्या जंतूत नसलेली प्रथिने वापरून हा फरक ओळखता येतो. अशा चाचण्या सर्वत्र हाती येईपर्यंत लस आणि तपासणी यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल, आणि मी तपासणी निवडीन.

राहिला प्रमाणपत्राचा मुद्दा. आज 'ही शेळी क्षयमुक्त आहे' असे लिहिलेला कागद घेऊन शेळी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाते. त्या कागदावर एकट्या शेळीच्या चाचणीऐवजी ती ज्या कळपातून आली त्याच्या शेवटच्या दोन संपूर्ण चाचण्यांच्या तारखा, दोन्ही वेळा किती शेळ्या तपासल्या आणि किती वगळल्या, पद्धत साधी की तौलनिक, जोन्स रोगाची लस दिली होती का, काढलेल्या शेळ्यांच्या शवविच्छेदनात काय सापडले आणि दोन्ही दिवशीची मापे कोणी घेतली, हे लिहिलेले असावे. घेणाऱ्यानेही नवी शेळी कळपात सोडण्याआधी दोन महिने वेगळ्या जागी ठेवून पुन्हा तपासावी, आणि त्या काळात तिचे दूध करडांच्या भांड्यात मिसळू नये.